बुडाशी पांढरं, बुडाशी काळं

या दोन पक्ष्यांमधला फरक सांगायचा तर त्यांच्याकडे मागून बघावं लागतं. समोरून काही कळत नाही. दोन्ही चिमणीपेक्षा लहान, मातकट अंगाचे, पोटाशी मळकट पांढरे, आणि अंगाच्या मानानं चोच जाड, रुपेरी. एक आपल्याकडच्या माळावर राहतो, बाभळीत आणि गवतात. दुसरा आफ्रिकेतला. तिथून तो कधीतरी पिंजऱ्यातून जगभर गेला आणि आता पिंजऱ्यातच अंडी घालतो, पिंजऱ्यातच मरतो. बाजारात दोघांनाही ‘सिल्वर’ म्हणतात. पाठ संपून शेपटी सुरू होते, तो पंखांखाली झाकलेला भाग आपल्याकडच्याचा पांढरा असतो आणि आफ्रिकेतल्याचा काळा. ठळक फरक एवढाच.

आणि एवढ्यावर सगळं ठरतं. पांढऱ्या बुडाचा पकडला, विकला, पाळला तर गुन्हा. काळ्या बुडाचा पाळला तर शौक.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ज्या घरात वाढले तिथल्या माणसांना या शहरात भाड्याची खोली बघायला गेलं की नाव कुणी विचारत नाही, आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असते. अशा घरातल्या मुलीला तुम्ही सांगणार, की एकाच पिंजऱ्यातल्या या पक्ष्याला सोडवायचं आणि त्याला तिथंच राहू द्यायचं, कारण त्याचा जन्म दुसरीकडचा. मी आमच्या बैठकीत उभी राहून म्हणाले, “हे मी लिहिणार नाही. सोडवायचे तर सगळे.”

आमचा गट लहान आहे. आम्ही पत्रकं काढतो. आधी पाण्यासाठी काढली, मग कचऱ्यासाठी, आणि गेल्या पावसाळ्यापासून रविवारच्या पक्षीबाजारासाठी. गटात एक दादा आहे. नात्यानं तो कुणाचाच दादा नाही. तो आमच्यात सगळ्यात मोठा, शाळेत शिकवतो, आणि कुणी तावात बोलायला लागलं की चष्मा पुसायला घेतो. त्यानं चष्मा पुसला.

“सगळे सोड,” तो म्हणाला. “त्या आफ्रिकेवाल्याला बाहेर काय खायचं ते कळत नाय. कुठं लपायचं ते कळत नाय. संध्याकाळपर्यंत कावळा नेतो. तुझी मुक्ती एका दिवसाची.”

“मग तो जन्मभर पिंजऱ्यात?”

“ते वेगळं पत्रक. आधी हे लिही.”

वनखात्यातला एक माणूस यायला तयार झाला होता. पण त्याची अट होती: कुठला पक्षी उचलायचा ते आम्ही बोट ठेवून दाखवायचं. चुकीचा उचलला तर विकणारे उलटतात आणि पुढच्या वेळी कुणी येत नाही. त्यामुळं बाजारात येणाऱ्या कुणालाही दोन पक्षी ओळखता येतील असं पत्रक हवं होतं. चित्रासकट. फोटो चालत नव्हता. झेरॉक्स काढली की फोटोतला पक्षी म्हणजे एक काळा डाग होतो. चित्र मी काढते. आमच्या पत्रकाला काळा आणि पांढरा एवढेच रंग परवडतात, आणि या दोघांमध्ये फरकही तेवढाच आहे. हे एक बरं होतं.

आधी मी बाजारात जाऊन बघून आले. औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला एका गल्लीत रविवारी सकाळी पिंजरे मांडतात. लव्हबर्ड, कबुतरं, रंगीत मासे, मध्येच एखादं कुत्र्याचं पिल्लू. एका पिंजऱ्यात पन्नासेक सिल्वर खचाखच भरलेले होते, दांडीवर जागा नाही म्हणून काही जाळीला लटकलेले.

“हे कुठले?” मी विचारलं.

“आफ्रिकन है बाजी. पूरा माल आफ्रिकन.”

“मागून दाखवा.”

“क्या?”

“पीछे से. शेपटीच्या वर. बुड दाखवा.”

तो शेजारच्या लव्हबर्डवाल्याकडं बघून हसला. “सुनो मियाँ, लडकी देखने आए, आगे से बी, पीछे से बी.”

“मुलगी बघायला येतात ते आधी आडनाव विचारतात,” मी म्हटलं. “मी तेही विचारत नाही. फक्त पंख उचला.”

लव्हबर्डवाला इतका हसला की त्याचा चहा सांडला. सिल्वरवाल्याला ते आवडलं नाही. त्यानं पिंजरा उचलून माझ्या नाकासमोर धरला आणि जोरात हलवला. आतले सगळे एकदम फडफडले, आणि त्या फडफडीत मला पांढरं दिसलं. खूप पांढरं. मध्ये मध्ये काळंही.

“अर्धे आफ्रिकेतले नाहीत.”

“मेरे को क्या मालूम? मैं जंगल गया क्या? गंगापूर की तरफ से माल आता, मैं बेचता.”

“आफ्रिका गंगापूरच्या पुढं लागतं का?”

पिंजऱ्यावर त्यानं पोतं टाकलं.

आता घरातलं सांगते, कारण पुढचं सगळं तिथंच झालं.

आई-वडील दोघंही शेंद्र्याच्या कंपन्यांत पाळीनं जातात. घरात असते आत्या, वडिलांची मोठी बहीण. लग्न टिकलं नाही, परत आली, मशीन घेतली आणि तेव्हापासून साड्यांना फॉल-पिको करते. मला तिनंच वाढवलं. मशीन खिडकीत आहे आणि मशीनच्या वर पिंजरा. पिंजऱ्यात दोन सिल्वर आणि त्यांचं एक पिल्लू. जोडी आत्यानं त्याच सिल्वरवाल्याकडून आणली होती; त्यानं सांगितलं, “आफ्रिकन है अम्मा, बिनधास्त रखो.” मीही सोबत होते; बुडाचं तेव्हा काही माहीत नव्हतं, नुसतं पिंजऱ्यात डोकावून ‘हो, हे चालतात’ म्हटलं होतं. नराला ती गवई म्हणते, कारण तो गातो. मादीला नुसतं बाई. पिल्लाला अजून नाव नव्हतं. फॉलचे उरलेले धागे आत्या जाळीत अडकवून ठेवायची, त्यांचंच त्यांनी घरटं केलं होतं: जांभळे, हिरवे, शेंदरी दोरे. वस्तीतल्या निम्म्या साड्यांचे रंग त्या घरट्यात होते.

गवई मशीन सुरू झाली की गातो. बारीक, किरकिरा, घसरत जाणारा आवाज. आवाज कसला, जुनं बिजागर. मशीन थांबली की तो थांबतो. आत्याचं म्हणणं, तो तिच्या पायावर ताल धरतो. दिवसभर घरात दोघांचं हेच चाललेलं असतं. ती पाय हलवते, तो गातो. कुणी आलं की दोघंही गप्प.

चित्रासाठी मला आफ्रिकेतला जवळून बघायचा होता. घरातच होता, म्हणून मी कागद घेऊन पिंजऱ्यासमोर बसले. बसलेला पक्षी काढणं सोपं, पण मला बुड हवं होतं, म्हणजे पंख उघडायला हवे होते. मी जाळीवर टिचकी मारली. बाई उडाली: बुडाशी काळं, शेपटीसारखंच काळं. मी काढून घेतलं. दुसरी टिचकी मारली. गवई उडाला.

पांढरं.

मी परत टिचकी मारली. परत. गवई चिडून दांडीच्या टोकाला गेला आणि माझ्याकडं पाठ करून बसला, पंख जरा ढिले सोडून. म्हणजे त्यानं मला व्यवस्थित दाखवलंच.

मग मी पिल्लाकडं बघितलं. त्याच्या बुडाशी काळं नव्हतं आणि पांढरंही नव्हतं. ठिपके होते. कुणीतरी शाईचा ब्रश झटकावा तसे.

पत्रकासाठी याहून चांगले नमुने मला कुठं मिळाले नसते. एक पांढरा, एक काळी, दोघं एका दांडीवर. मी दोन्ही चित्रं पूर्ण केली. गवईच्या चित्राखाली मी लिहिलं: हा पाळणं गुन्हा आहे.

आमच्या गटाचा एक नियम आहे. पत्रक छापायला टाकण्याआधी ज्यानं लिहिलं त्यानं ते आपल्या घरात कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकणारा जिथं अडवेल ते वाक्य बदलायचं. नियम दादानं केला, पण मला तो सगळ्यात जास्त आवडतो. त्या नियमामुळं आमच्या पत्रकातून ‘परिप्रेक्ष्य’ गेला, ‘निषेधार्ह’ गेला, आणि एकदा एक अख्खा परिच्छेद गेला, कारण एका पोराची आई म्हणाली, “एवढं वाचेपर्यंत माझं दूध उतू जाईल.” माझी ऐकणारी कायम आत्या. ती ऐकते तेव्हा मशीन चालूच असते. मशीन थांबली की समजायचं, वाक्य अडलं.

मी वाचायला लागले. मशीन चालू. गवई गात होता. “‘पक्ष्यानं पंख उघडले की शेपटीच्या बुडाशी बघा. काळं असेल तर तो पिंजऱ्यात जन्मलेला, बाहेरच्या देशातला. पांढरं असेल तर तो आपल्या माळावरून जाळं टाकून पकडलेला. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं गुन्हा आहे.’”

मशीन थांबली. गवईही थांबला.

“‘घरात ठेवणं’ काढ,” आत्या म्हणाली.

“का?”

“काढ म्हणलं ना. तुमचाच नियम हाय.”

“आत्या, कारण सांग.”

“कारण सांगायचा नियम हाय का?” तिनं सुई वर केली, साडी सरकवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “मी रोज बघते त्याला वाटीत आंघोळ करताना. पांढरंच हाय त्याचं. मला वाटलं गोरा असंल.”

मला हसू आलं आणि हसताही येईना.

“त्या मेल्या माणसानं खोटं सांगितलं तुला,” मी म्हटलं. “पण आता आपल्याला कळलंय.”

“तुला कळलंय. मला काय कळायचंय? मी त्याला दाणा टाकते, पाणी टाकते, तो गातो. यात गुन्हा कुठं बसला?”

“जाळ्यात धरलाय त्याला. शंभर धरले असतील तेव्हा त्यातले किती इथवर जिवंत आले असतील—”

“ते जाळंवाल्याला सांग की. माझ्या दारात कशाला पत्रक?” आता ती माझ्याकडं वळली. “मला धरून देणार तू? रविवारी त्या खाकीवाल्याला घेऊन येशील, म्हणशील, ही माझी आत्या, घ्या.”

“कुणी तुला धरत नाही. पक्षी द्यायचा.”

“पक्षी द्यायचा,” तिनं माझी नक्कल केली. “मग मशीन पण दे.”

मी चिडून बाहेर गेले. मला तिचा राग येत होता, आणि ती चूक बोलत नव्हती याचा जास्त राग येत होता.

बैठकीत मी सरळ सांगितलं. लपवायचं कशाला. माझ्या घरात पांढऱ्या बुडाचा आहे, आत्यानं वाक्य अडवलंय, आणि नियमाप्रमाणं ते बदलावं लागेल.

“नियम न कळणाऱ्या वाक्यासाठी आहे,” दादा म्हणाला. “न आवडणाऱ्या वाक्यासाठी नाय.”

“असं नियमात कुठं म्हटलंय?”

“प्रत्येक गोष्ट नियमात म्हणावी लागते का?”

“लागते. नाहीतर ऐकणाऱ्याला विचारायचं नाटक कशाला? तिला कळलंय. सगळ्यांत जास्त तिलाच कळलंय.”

गटातली एक मैत्रीण, जी छपाईचं बघते, म्हणाली, “सोप्पं आहे. घरातल्याचं कुणाला सांगू नको. एका म्हाताऱ्या बाईचा एक पक्षी. कोण बघायला येतंय?”

“तो सिल्वरवाला येईल,” दादा म्हणाला. “त्यानंच विकलाय. भर बाजारात ओरडून सांगेल. मग पत्रक गेलं कचऱ्यात.” चष्मा पुसून झाला होता. “मी अजून एक वाक्य सुचवतो. शेवटी टाक: ‘आपल्या मातीतला पक्षी आपल्या मातीतच शोभतो.’”

“अजिबात नाही.”

“आता काय झालं?”

“मातीतला म्हणजे काय? कुणाची माती? उद्या हेच वाक्य कुणीतरी माणसांवर छापेल आणि खाली आपलं चित्र असेल. बाई बाहेरची आहे म्हणून वाईट नाही. गवई इथला आहे म्हणून भारी नाही. पत्रकात मी हे येऊ देणार नाही.”

“मग दोघांत फरक काय आहे तो तरी सांग. का एकाला सोडायचं आणि एकीला नाय?”

मी कागद गोळा केले आणि तावातावानं निघाले.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला म्हटलं, चल, तुला एक दाखवायचंय. ती स्कूटरवर बसताना कुरकुरली, पदर खोचला, आणि अख्ख्या जालना रोडवर माझ्या कानात ओरडून ट्रकवाल्यांना शिव्या देत राहिली. करमाडच्या अलीकडं आम्ही आत वळलो. तिथं माळ आहे, कंपन्यांनी अजून तारा ओढल्या नाहीत असा थोडा राहिलाय. गवत पिकून पिवळं झालं होतं. आम्ही बाभळीखाली बसलो.

थोड्या वेळानं ते आले. दहा-बारा असतील. गवताच्या काडीवर एक बसला की काडी वाकून जमिनीकडं झुकायची, आणि तो वाकलेल्या काडीवर उलटा लटकून शेंड्यातला दाणा ओढायचा. मग सगळे उडाले, आणि उडताना सगळ्यांची बुडं पांढरी चमकली.

आत्यानं कपाळावर हात आडवा धरला आणि मान वळवत त्यांच्यामागं बघितलं.

“लई बारीक दिसतेत,” ती म्हणाली. “आपला जाड झालाय.”

“हो.”

“गात नाय कुणी.”

“गातात. आता भूक लागलीय त्यांना.”

“याला जमंल का हे उलटं लटकायचं?” मग लगेच, “तू बोलू नको. मी विचारलं नाय तुला.”

येताना रस्त्यालगतच्या शेतातल्या बाईकडून तिनं बाजरीची कणसं मागून घेतली. कशाला, ते सांगितलं नाही. घरी आल्यावर तिनं पिंजऱ्यातली दाण्याची वाटी काढली आणि छताच्या जाळीला कणीस बांधलं. मशीनवर बसली, पण मशीन सुरू केली नाही. आम्ही दोघी बघत राहिलो.

बाई दांडीवर बसून होती. ती वाटीच्या जागेकडं बघायची, खाली उतरायची, रिकाम्या कोपऱ्यात टोचायची, परत वर. कणीस तिच्या डोक्यावर होतं आणि तिच्या लेखी ते छत होतं. पिल्लू आईच्या मागं मागं. गवईनं मान एकदा इकडं केली, एकदा तिकडं. मग उडाला आणि कणसाला धरून उलटा लटकला. त्यानं दाणा ओढला, सोलला, टरफल खाली पडलं. परत ओढला. तो खात होता म्हणण्यापेक्षा तो कणीस पाडत होता. इतक्या दिवसांत तो एवढा कामात मी कधी बघितला नव्हता.

“विसरला नाय,” आत्या म्हणाली.

थोड्या वेळानं पिल्लू कणसाच्या खाली येऊन चोच उघडून बसलं. गवईनं सांडलेले दाणे त्यानं टिपले. वर जायचं त्याला सुचलं नाही, किंवा जमलं नाही.

आत्यानं बाईसाठी वाटी परत आत ठेवली.

मला दादाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण मी त्याला लगेच फोन केला नाही. माती, देश, जन्म यातलं ते काहीच नव्हतं. एकाकडून काहीतरी हिसकावलेलं होतं आणि ते अजून त्याच्या पायात शिल्लक होतं. दुसरीकडून ते इतक्या पिढ्यांपूर्वी हिसकावलंय की आता दार उघडणं म्हणजे तिला मारणं. अन्याय दोघांवर झालाय. परत फक्त एकालाच देता येतं. हे मला अजूनही पटत नाही. पण खरं आहे.

संध्याकाळी आत्या म्हणाली, “वाच ते परत.”

मी वाचलं. “‘...घरात ठेवणं गुन्हा आहे.’” मशीन थांबली. मीही थांबले.

“राहू दे ते,” ती म्हणाली. “पण त्याच्या पुढं लिही. ‘आमच्या घरात होता. दिला.’”

“तुझं नाव घालू?”

“नाव कशाला? आमच्या घरात. तुझं पण घर हाय ना?”

पक्षी द्यायला ती स्वतः आली. पिंजरा मांडीवर, वर ओढणी. वनखात्याच्या रोपवाटिकेत एक मोठं जाळीचं घर आहे, तिथं आधी ठेवतात, उडायची सवय झाली की सोडतात. तिथला माणूस चांगला बोलला, पण आत्यानं त्याची पाठ सोडली नाही.

“कुठं सोडणार?”

“ते आम्ही ठरवतो, मावशी.”

“करमाडकडं सोडा. तिथं हायेत त्याच्यासारखे.”

“बघू.”

“बघू नाय. आम्ही बघून आलोय.” मग तिनं पिंजऱ्याकडं बोट दाखवलं. “आणि ह्याचं काय?”

माणसानं पिल्लू हातात घेतलं, फुंकर मारून पिसं बाजूला केली, बुड बघितलं. उलटं करून परत बघितलं. “हे कुठलं म्हणायचं?”

“आमच्या घरातलं,” आत्या म्हणाली.

“याचं काय लिहू मी?” त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पत्रक काढून बघितलं, जणू त्यात असणार होतं. त्यात दोनच चित्रं होती. शेवटी त्यानं पिल्लू परत आत ठेवलं आणि म्हणाला, “हे राहू द्या तुमच्याकडं.” गवईला घेऊन तो आत गेला. आम्हाला जाळीपर्यंत येऊ दिलं नाही. एवढा एक पक्षी आपल्या हातानं आणून देणाऱ्या बाईला त्याला जाताना बघू देऊ नये, हे कुठल्या कायद्यात बसतं ते मला कुणीतरी सांगावं. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब नाहीत.

रविवारी बाजारात पत्रकं वाटली. वनखात्याचे लोक आले. आम्ही बोट ठेवून दाखवलं आणि त्यांनी काही पिंजरे उचलले. सिल्वरवाला ओरडलाच, दादा म्हणाला होता तसा. “इसके घर में बी है! मैंने दिया!” गर्दी माझ्याकडं वळली. मी काही बोलायच्या आत एका माणसानं हातातलं पत्रक वर केलं. “हौ, लिखेला है इसमें. ‘आमच्या घरात होता. दिला.’ तू बी दे दे.” लोक हसले. सिल्वरवाल्यानं एक पत्रक हिसकावून घेतलं आणि ते तिथंच उभ्या उभ्या वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आमचं पत्रक इतकं लक्ष देऊन आजवर कुणी वाचलं नसेल. मला बरं वाटलं. मूर्ख मी.

पुढच्या रविवारी गेले तर तो परत तिथंच. पिंजरा नवा, माल नवा.

“आओ बाजी,” तो म्हणाला. “पीछे से देख लो. पूरा काला.” न मागता त्यानं पिंजरा हलवला.

काळंच होतं. सगळं काळं. इतकं एकसारखं काळं की मी एक पक्षी हातात द्यायला लावला, बोट ओलं केलं आणि त्याच्या बुडावरून फिरवलं. बोट काळं झालं. खाली पांढरं.

आम्हीच त्याला शिकवलं होतं, कुठं रंग लावायचा ते. चित्रासकट. बाणासकट. तो पक्षी हातात धडधडत होता आणि माझ्या बोटाला केस काळे करायच्या रंगाचा वास येत होता. मी सिल्वरवाल्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, “आपने लिखा, मैंने पढ्या.”

घरी येऊन मी दुसरं पत्रक लिहायला बसले. आत्या मशीनवर होती. पिंजऱ्यात बाई आणि पिल्लू, कणसाचं नुसतं खोड लटकतंय. पिल्लू नर आहे की मादी ते बघून कळत नाही; नर असेल तर कधीतरी गाईल. मी कागद पुरा केला आणि नियमाप्रमाणं वाचायला घेतला. “‘काळं दिसलं म्हणून फसू नका. बोट ओलं करा आणि पुसून बघा—’”

मशीन थांबली.

“काय अडलं?” मी विचारलं. “पुसून बघा काढू?”

“नाय, बरोबर हाय ते. वाच.” ती पिल्लाकडं मान वर करून बसली होती, पाय पट्टीवर तसाच. “दोरा तुटला जरा.”

दोरा तुटला नव्हता. सुईतून सरळ साडीत गेलेला मला इथून दिसत होता. मी पुढचं वाक्य वाचलं नाही. ती ऐकत होती, म्हणून मीही पिंजऱ्याकडं कान देऊन बसले. मग तिनं पाय दाबला, चार टाके घातले, आणि परत थांबली.